आडवाटेवरील अवचित भेटी : मुळशींतील वन्य प्राणी व छायाचित्रण



पुण्याहून पश्चिमेस निघून चांदणी चौक ओलांडला कीं भूगांव, पिरंगुट, पौड हीं गांवें एकामागून एक लागतात, आणि पौडच्या पुढें रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या कांठानें ताम्हिणी घाटाकडे वळतो. घाट उतरून तो रायगड जिल्ह्यांत माणगांवाकडे जातो. हा हमरस्ता आपल्यापैकीं पुष्कळांनीं मोटारींतून अथवा एस. टी.च्या खिडकींतून पाहिला असेल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यास येऊन मिळणारे लहान फांटे हा आहे. एक फांटा पिंपरीवरून अंधारबनाच्या तोंडाशीं जातो व पुढें भांबर्ड्यावरून घनगड आणि तैलबैल्याच्या बाजूस निघतो. दुसरे कित्येक जलाशयाच्या कांठच्या वाड्यावस्त्यांत जाऊन संपतात. अशा वाटेवर मनुष्य कॅमेरा घेऊन उभा राहिला असतां ज्याच्यासाठीं तो आला तें बहुधा दिसत नाहीं, आणि जें दिसेल असें त्याच्या स्वप्नींही नव्हतें तें अवचित पुढें येऊन उभें राहतें. आपल्या निसर्गमंडळाच्या सहलींत मुलामुलींस हा अनुभव वारंवार आला आहे. या भेटी कां घडतात, त्या वेळीं कसें वागावें, आणि त्यांपासून कोणतें ज्ञान मिळवितां येतें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम प्रदेशाविषयीं. पुणें शहरांत वर्षाकाठीं सरासरीनें सातशें मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सुमारें साठ किलोमीटरवर असलेल्या ताम्हिणीस तो पांच हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. हा भेद सह्याद्रीच्या भिंतीमुळें होतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कड्यास आदळून वर चढतात, चढतां चढतां थंड होतात, आणि आपलें ओझें घाटमाथ्यावरच टाकून देतात. या पाण्यावर अंजन, जांभूळ, हिरडा अशा वृक्षांचें दाट रान वाढलें आहे, आणि उघड्या उतारांवर कारवी माजली आहे. १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं येथील शेतकऱ्यांनीं ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच धरणाचा हा जलाशय होय. त्याचें पाणी आजही कोंकणांत भिऱ्याच्या वीजघराकडे उतरतें. खोऱ्यांतील सपाट जमीन पाण्याखालीं गेल्यामुळें आजचा रस्ता पाणी व डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींतून जातो. अर्थात् डोंगरावरून पाण्यास येणाऱ्या प्रत्येक जनावरास तो ओलांडावाच लागतो. घाटाच्या परिसरांतील सुमारें ५० चौरस किलोमीटर क्षेत्र २०१३ सालीं वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झालें. तें पुणें व रायगड या दोन्ही जिल्ह्यांत पसरलें आहे.

परंतु जनावर रस्ता केवळ ओलांडण्यासाठींच येतें असें नव्हे. रस्ता काढतांना झाडें तुटतात, व त्या फटीमधून जमिनीवर ऊन पडतें. जेथें ऊन तेथें गवत, जेथें गवत तेथें कीटक व बीं, आणि त्यांच्या मागें पक्षी, उंदीर, ससे व हरिणें ओघानेंच येतात. यांच्या मागावर मांसाहारी प्राणी येतात. बिबळ्यास तर रस्ता हा मुद्दाम आवडतो. कांट्याकुट्यांतून अंग घासत जाण्यापेक्षां मोकळ्या वाटेनें चालणें त्यासही सुखाचें असतें, आणि म्हणूनच संशोधक आपले स्वयंचलित कॅमेरे बहुधा पायवाटांच्या कडेसच बसवितात. डांबराचा पृष्ठभाग दिवसभर तापतो व रात्रीं सावकाश निवतो. साप हा शीतरक्त प्राणी असल्यामुळें तिन्हीसांजेस ऊब घेण्यास तो तेथें येऊन पडतो. पहिल्या पावसांत बेडूक व खेकडे यांच्या झुंडी रस्त्यावरून जातात त्या वेगळ्याच. अशा रीतीनें जो रस्ता आपण केवळ आपल्यासाठीं केला असें समजतों, त्याचे वाटेकरी पुष्कळ आहेत. पवित्र शास्त्रांतील १०४ व्या स्तोत्रांत रात्र वनपशूंच्या वांट्यास व दिवस मनुष्याच्या वांट्यास दिलेला आहे. पहाट व संध्याकाळ या दोन संधींच्या वेळीं त्या दोन वांट्यांच्या सीमा एकमेकींस मिळतात, आणि आपल्या बहुतेक भेटी त्याच वेळीं घडतात.

नाताळच्या सुटीपूर्वींच्या एका शनिवारीं मंडळाचीं दहाबारा मुलें जलाशयावरील धुकें टिपण्यासाठीं एका वळणावर उभीं होतीं. सूर्य अजून डोंगराआड होता. इतक्यांत खालच्या झाडींतून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, पण अधिक खरखरीत, असा आवाज थांबून थांबून येऊं लागला. शेळ्या घेऊन चाललेल्या एका वृद्ध गृहस्थांस मुलांनीं विचारलें, "बाबा, हें कुत्रें कोणाचें?" ते हंसून मजकडे वळले व म्हणाले, "कुत्रं न्हवं गुरुजी, भेकर हाय त्ये. त्ये वरडतंय म्हंजी रानात कायतरी फिरतंय. पोरांस्नी हितंच थांबवा." असें म्हणून त्यांनीं आपल्या शेळ्याही मागें फिरविल्या. भेकर हें उंचीनें शेळीएवढें, तांबूस रंगाचें, एकटें राहणारें हरिण होय. धोका जाणवला कीं तें भुंकतें, आणि धोका टळेपर्यंत कित्येकदां बराच वेळ भुंकत राहतें. थोड्या वेळानें झाडावरून वानरांचाही खांकरल्यासारखा इशारा ऐकूं आला, तेव्हां म्हाताऱ्या बाबांचें अनुमान खरें असावें अशी आमची खात्री पटली.

बिबळ्या कोणासही दिसला नाहीं. मुलांचा थोडा हिरमोड झाला. ऊन पडल्यावर मात्र रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातींत पंजांचे ठसे आढळले. कुत्र्याच्या ठशांत नखांच्या टोकांच्या खुणा उमटतात. मांजरकुलांतील बहुतेक प्राणी चालतांना नखें आंत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशांत त्या नसतात. शिवाय मांजरकुलांतील प्राण्याच्या तळव्याच्या गादीस मागल्या बाजूस तीन फुगीर पाळ्या असतात. इयत्ता नववींतील एका मुलीनें आपल्या कंपासपेटींतील पट्टी ठशाच्या शेजारीं ठेवून बरोबर वरून छायाचित्र घेतलें. माप कळल्याशिवाय ठशाचें चित्र निरुपयोगी असतें, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं धुक्याचीं पन्नासएक चित्रें निघालीं असतील. त्यांत माझ्या मतें हें एकच संग्रहीं ठेवण्याजोगें होतें.

शेकरूं तुम्हां सर्वांस नांवानें ठाऊक आहे, कारण तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून परीक्षेंत विचारला जातो. प्रत्यक्ष पाहिलेले थोडे. ही मोठी खार शेपटासह अडीच-तीन फूट भरते. पाठ तांबूस-किरमिजी, पोट फिकट, आणि शेपूट झुबकेदार. ती दिवसा हिंडते, व झाडावरून जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फुटांपर्यंत उडी घेण्याचें सामर्थ्य तिच्या अंगीं असतें. काड्या व पानें यांचीं गोल घरटीं ती उंच फांद्यांच्या टोकांशीं बांधते, आणि एकाच वेळीं तिचीं अशीं अनेक घरटीं असतात. आतां असा विचार करा कीं, ज्या प्राण्याचा सारा संसार शेंड्याशेंड्यांवरून चालतो, त्याला रस्ता म्हणजे काय? दोन्ही बाजूंच्या फांद्या जोंपर्यंत वर एकमेकींस भिडलेल्या आहेत तोंपर्यंत खालच्या रस्त्याशीं त्यास कर्तव्य नाहीं. रुंदीकरणांत ही कमान तुटली कीं त्याच रानाचे शेकरांच्या दृष्टीनें दोन तुकडे होतात. म्हणून ताम्हिणीच्या आडवाटेवर शेकरूं शोधावयाचें असेल तर झाडीकडे पाहूं नये. जेथें रस्त्यावर सांवलीची अखंड कमान आहे तेथें उभें राहून वर पाहावें. आमच्या मुलांस तें दिसलें तें याच रीतीनें, आणि तेंही पाहुण्यासारखें नव्हे, तर डोक्यावर फळांचीं टरफलें टाकणाऱ्या घरमालकासारखें!

शाळकरी वाचकांस विशेष आवडेल असा एक पक्षी येथें सांगितला पाहिजे. पावसाळ्याच्या आरंभीं ओढ्यांच्या कांठीं पहाटेच्या वेळीं कोणी मुलगा अर्धवट आठवणारी चाल शिळेवर वाजवीत चालला आहे असा भास होतो. चाल मधेंच चुकते, पुन्हां सुरू होते, भलतीकडेच जाते. हा शीळकरी कस्तूर होय. इंग्रज पक्षिप्रेमींनीं त्याला "शीळ घालणारा शाळकरी पोर" असें टोपणनांव दिलें होतें. सांवलींत तो नुसता काळा दिसतो. ऊन पडलें म्हणजे खांद्यावरचा व कपाळावरचा गर्द निळा रंग एकाएकीं चमकून उठतो. त्याचें छायाचित्र घेणें कठीण, कारण त्याचें ठिकाण म्हणजे अंधारी घळ व वर पाण्याचे तुषार. परंतु आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणें आज प्रत्येकाच्या हातांतील यंत्रानें साधतें, आणि शास्त्राच्या दृष्टीनें ती नोंद चित्राइतकीच मोलाची असते.

घोरपडीविषयीं थोडक्यांत. तानाजी मालुसऱ्यांनीं १६७० सालीं सिंहगड घेतला तेव्हां घोरपडीस दोर बांधून कडा चढविला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. इतिहासाचे अभ्यासक ती दंतकथा मानतात. मात्र घोरपड कपारींत पंजे रोवून बसली म्हणजे तिला ओढून काढणें दुरापास्त होतें, हें निरीक्षण त्या कथेच्या मुळाशीं असलें पाहिजे. ती उन्हांत रस्त्यावर येऊन पसरते, आणि गाडी अगदीं जवळ येईपर्यंत हालत नाहीं. यांतच तिचा नाश आहे.

घाटांतील माकडांचा प्रश्न निराळा. काळ्या तोंडाचें, लांब शेपटीचें तें वानर. तांबूस-गुलाबी तोंडाचें, डोक्यावर केंसांची टोपी घातल्यासारखें दिसणारें तें माकड. दोन्ही येथें आढळतात. पावसाळी सहलीस आलेली मंडळी धबधब्यापाशीं गाडी उभी करून त्यांस बिस्किटें व चिवडा देतात, आणि तोंड वासून पुढें आलेल्या माकडाचें चित्र मोठ्या हौसेनें काढतात. पालकवर्गास माझी या बाबतींत कळकळीची विनंति आहे. खाऊ मिळतो हें एकदां कळलें कीं माकडांचा कळप रान सोडून रस्त्याच्या कडेसच बसूं लागतो. पिलें चाकांखालीं सांपडतात. मोठे नर धिटावून मुलांच्या हातांतील पिशव्या हिसकावतात व चावतात. मग तीच माणसें माकडांचा बंदोबस्त करा म्हणून ओरडतात. बिस्किटाचा पुडा दाखवून मिळविलेलें चित्र हें वन्य प्राण्याचें चित्र नव्हे. तें आपण लावलेल्या संवयीचें चित्र होय.

आतां रात्रीच्या प्रकाराकडे वळूं. परततांना अंधार पडला तर गाडीच्या दिव्यांत रस्त्याच्या कडेस दोन निखारे लुकलुकतांना दिसतात, आणि गाडींतील सर्वांत धीट मुलगाही गप्प होतो. या तेजांत अद्भुत कांहीं नाहीं. निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागें आरशासारखा एक थर असतो. आंत आलेला प्रकाश दृष्टिपटलांतून एकदां गेल्यावर या थरावरून परावृत्त होऊन पुन्हां त्याच पटलांतून बाहेर येतो. म्हणजे जो थोडा प्रकाश मिळतो त्याचा उपयोग दोनदां होतो. तो परतणारा प्रकाशच आपणांस दिसतो. मनुष्याच्या डोळ्यांत असा थर नाहीं. परंतु मंद उजेडास सरावलेल्या त्याच डोळ्यांवर गाडीचा प्रखर झोत पडला म्हणजे प्राणी दिपून जागच्या जागीं खिळतो. त्याला पळण्याची बुद्धि नाहीं असें समजून कित्येक चालक कर्णा वाजवितात, आणि कित्येक खिडकींतून वीजदिवा चमकवून चित्र घेतात. योग्य तें हेंच कीं वेग कमी करावा, दिवे खालच्या झोतावर आणावे, आणि प्राण्यास वाट सोडण्यास दोन-चार क्षण द्यावे.

रस्त्यावरील वेगाचा परिणाम काय होतो याचें महाराष्ट्रांतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००९ सालीं अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेल्या एका बिबळ्यास बाहेर काढून, गळ्यांत उपग्रहाशीं जोडलेला पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. संशोधिका विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें नांव 'आजोबा' ठेविलें होतें. त्यानें शेतें, गांवें, रेल्वेमार्ग व महामार्ग ओलांडीत सुमारें १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा परिसर गांठला, आणि वाटेंत एकाही मनुष्यास इजा केली नाहीं. २०११ सालीं महामार्गावर वाहनाच्या धडकेनें तो मेला. ज्या प्राण्यास एवढ्या वस्तींतून सुखरूप जाण्याचें कौशल्य होतें, त्यास मोटारीच्या वेगाचा अंदाज करतां आला नाहीं.

छायाचित्रणाच्या इतिहासांत वन्य प्राण्यांचें स्थान तसें अलीकडचें आहे. अमेरिकेंतील जॉर्ज शायरस यानें रात्रीं नावेंत बसून, प्रखर उजेड क्षणभर पाडून हरिणांचीं चित्रें घेतलीं, व तीं १९०६ सालीं 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकांत प्रसिद्ध होतांच लोक थक्क झाले. आपल्या देशांत संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅंपियन यानें वाटेवर आडवी तार बांधून, वाघाचाच पाय लागून कॅमेरा चालेल अशी युक्ति केली. त्याचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. ज्या काळीं वाघाबरोबरचें चित्र म्हणजे मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या साहेबाचें चित्र असे, त्या काळीं या गृहस्थानें बंदूक खालीं ठेवून जिवंत वाघ त्याच्या वाटेवर चालतांना दाखविला. आजचे स्वयंचलित कॅमेरे हे त्याच तारेचे वंशज होत. यांतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : चित्रें घेतलीं तेव्हां चॅंपियन बहुधा तेथें हजर नव्हता. मनुष्य दूर राहिला म्हणूनच वाघ वाघासारखा चालला.

हें 'दूर राहणें' मोजतां येतें. हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं प्रत्येक प्राण्यास अपरिचित जीव कांहीं ठराविक अंतरापर्यंत चालतो. तो त्याहून जवळ आला कीं प्राणी पळतो. यास आपण पलायनांतर म्हणूं. पायीं चालणाऱ्या मनुष्यासाठीं हें अंतर जास्त असतें, उभ्या गाडीसाठीं पुष्कळ कमी. म्हणून गाडींतून उतरूं नये, यंत्र बंद करून खिडकीवर वाळूची किंवा तांदुळाची लहान पिशवी ठेवावी व तिच्यावर कॅमेरा टेकावा. हात हालत नाहीं आणि पहाटेच्या मंद उजेडांतही चित्र स्पष्ट येतें. प्राण्यानें चरणें थांबवून मान वर केली, कान रोंखले, किंवा पुढचा पाय आपटला, कीं आपण सीमेवर आलों असें समजून थांबावें. त्यापुढें एक पाऊल टाकून जें चित्र मिळतें तें पाठीमागचें! ज्यांच्यापाशीं दूरचें भिंग नाहीं त्यांनीं खंत करूं नये. विस्तीर्ण खाचर, त्यावर धुकें, आणि कोपऱ्यांत नखाएवढा मोर असें चित्र मोरासंबंधीं जें सांगतें तें चौकटभर मोराचें चित्र सांगत नाहीं. प्रदर्शनाचे परीक्षक कित्येकदां उलट मत देतात, पण तें मला मान्य नाहीं.

अंतर न राखल्यास काय होतें हें पुण्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. ९ डिसेंबर २०२० रोजीं सकाळीं कोथरूडच्या वस्तींत एक गवा शिरला. गवा हा दिसण्यास राकट, पूर्ण वाढलेला नर वजनानें हजार किलोपर्यंत भरणारा, परंतु स्वभावानें बुजरा प्राणी होय. बातमी क्षणांत पसरली. लोक गच्च्यांवर, भिंतींवर व रस्त्यांत जमले. पुष्कळांच्या हातीं मोबाइल होते. गव्यानें भिंती ओलांडल्या, फाटकांस धडका दिल्या, तोंडास जखमा झाल्या, आणि जिकडे वळावें तिकडे त्यास माणसेंच दिसूं लागलीं. कांहीं तासांनंतर बेशुद्ध करून त्यास पकडण्यांत आलें, पण तो वांचला नाहीं. अतिश्रम व भीति यांचा संयोग झाला म्हणजे मोठ्या जनावराच्या शरीराचें तापमान वाढतें, स्नायूंचा नाश होऊं लागतो, रक्तांतील आम्लता वाढते व हृदय बंद पडतें. पाठलाग थांबल्यावरही हा क्रिया थांबत नाहीं. त्या दिवशीं कोणाच्याही मनांत त्याला मारावयाचें नव्हतें. प्रत्येकास एक चित्र हवें होतें. त्याच महिन्याच्या उत्तरार्धांत बावधनच्या बाजूस पुन्हां एक गवा दिसला. या वेळीं लोकांस दूर ठेवण्यांत आलें, आणि तो रानाकडे परत गेला. दोन गव्यांच्या नशिबांत जो भेद पडला तो प्राण्यांमुळें पडला नाहीं.

या बाबतींत कायदा काय म्हणतो हें विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपल्या समजुतीपेक्षां पुष्कळ विस्तृत आहे. ठार मारणें व पकडणें तर तींत येतेंच. परंतु प्राण्यास हुसकून नेणें, आमिष दाखविणें, पक्ष्यांचीं किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांचीं अंडीं व घरटीं यांस उपद्रव देणें, हेंही त्याच व्याख्येंत बसतें. घरट्याचें चित्र घेण्यासाठीं आडव्या येणाऱ्या चार डहाळ्या मोडणें ही पुष्कळांस क्षुल्लक गोष्ट वाटते. त्या डहाळ्या म्हणजे त्या पिलांचें छप्पर असतें. त्या गेल्या कीं पिलांवर ऊन पडतें, आणि कावळ्यास घरटें उघडें दिसतें. म्हणून आपल्या मंडळानें घरट्यांचीं चित्रें प्रदर्शनांत न घेण्याचा नियम केला आहे. कोणीं कितीही सुंदर चित्र आणलें तरी तें लावलें जात नाहीं. अभयारण्याच्या हद्दींत शिरून छायाचित्रण करावयाचें असल्यास वनविभागाची परवानगी लागते, हेंही ध्यानांत ठेवावें.

सापांसंबंधीं पालकांस चिंता वाटते व ती रास्त आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार विषारी साप आपल्या जिल्ह्यांत आहेत, आणि घाटांतील ओल्या झाडींत हिरव्या रंगाचा चापडाही आढळतो. तो पानांत इतका मिसळून जातो कीं छायाचित्रासाठीं फांदी बाजूस सारणारा हात नेमका त्याच्याशींच जाऊन थांबण्याचा संभव असतो. तेव्हां सहलींत फांद्यांस हात लावूं नये, अंधारांत वीजदिव्याशिवाय चालूं नये, बूट घालावे. आणि दंश झाल्यास चिरणें, चोखणें, आवळून बांधणें यांत वेळ न दवडतां, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून तडक रुग्णालय गांठावें. सर्पविषावर गुण येणारें औषध एकच, तें म्हणजे प्रतिविष, आणि तें रुग्णालयांतच मिळतें. जखमी किंवा वस्तींत शिरलेला वन्य प्राणी दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें, व तो प्राणी असेल तेथेंच राहूं द्यावा.

नोंदीविषयीं दोन शब्द लिहून लेख पुरा करतों. चित्रास दिनांक, वेळ, गांवाचें नांव, हवामान व प्राणी काय करीत होता, एवढी माहिती जोडली नाहीं तर वर्षभरानें तें चित्र मुकें होतें. स्थानिक लोक त्या प्राण्यास काय म्हणतात तेंही विचारून लिहावें. मारुति चितमपल्ली यांनीं आयुष्यभर रानावनांत हिंडून पक्ष्यांचीं व प्राण्यांचीं अशीं नांवें जमविलीं, म्हणूनच आज तीं कोशांत सांपडतात; मुळशीच्या वाड्यांतील वृद्धांच्या तोंडीं असलेलीं नांवें मात्र कोणी तरी जाऊन ऐकलीं पाहिजेत. एक गोष्ट मात्र नोंदींत लिहावी व बाहेर सांगूं नये : दुर्मिळ प्राण्याचें नेमकें ठिकाण. मोबाइलनें काढलेल्या चित्रांत स्थळाचे आंकडे आपोआप दडलेले असतात, आणि चित्र सर्वत्र पाठविलें कीं तेही बरोबर जातात. खवल्या मांजराच्या बाबतींत हें विशेष खरें आहे. नांव मांजराचें, पण हा मांजराचा कोणीच नव्हे. अंगभर खवले असलेला, दांत नसलेला, लांब जिभेनें मुंग्या व वाळवी टिपणारा हा निशाचर सस्तन प्राणी भय वाटलें कीं चेंडूसारखा गुंडाळून बसतो, आणि त्यामुळें चोरट्या शिकाऱ्यास तो नुसता उचलून नेतां येतो.

मंडळाची नोंदवही शास्त्राच्या प्रयोगशाळेंतील कपाटांत असते. मधल्या सुटींत ती मागून घ्यावी व आपल्या चित्राचा क्रमांक तींत चढवावा. सुटींत गांवीं जाणाऱ्या मुलांनीं आपापल्या तालुक्यांतील नोंदीही आणाव्या. माजी विद्यार्थी व पालक यांच्यापाशीं मुळशीचीं जुनीं छायाचित्रें असतील तर त्यांच्या प्रती आम्हांस हव्या आहेत, विशेषतः ज्यांत रस्त्यावरील झाडांची कमान दिसते अशा. भेकर, शेकरूं, घोरपड, वानर व बिबळ्याचा ठसा हीं पानें भरत आलीं आहेत. खवल्या मांजराचें पान अद्याप कोरें आहे.